ओरा वॉशिंग्टन

बास्केटबॉल खेळणाऱ्या आमच्या विद्यार्थिनींस ओरा वॉशिंग्टन यांचें चरित्र ठाऊक असावें, म्हणून तें येथें थोडक्यांत देत आहों.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास अमेरिकेंतील व्हर्जिनिया संस्थानांत, एका कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. पुढें फिलाडेल्फिया शहरांत येऊन त्या लोकांच्या घरीं घरकाम करूं लागल्या. गोऱ्यांच्या टेनिस-स्पर्धांत कृष्णवर्णीयांस त्या काळीं मज्जाव होता. स्वजनांच्या अमेरिकन टेनिस असोसिएशनच्या स्पर्धेंत मात्र त्या 1929 ते 1935 सलग सात वर्षें, व पुन्हां 1937 मध्यें, एकेरींत अजिंक्य ठरल्या.

हिवाळा आला कीं त्या बास्केटबॉलकडे वळत. मोबदला घेऊन हा खेळ खेळणाऱ्या अगदीं पहिल्या स्त्रियांपैकीं त्या एक होत. 1930-31 मध्यें त्या ‘जर्मनटाउन हॉर्नेट्स’ संघांत होत्या; नंतर सुमारें दहा वर्षें ‘फिलाडेल्फिया ट्रिब्यून’ या वृत्तपत्राच्या संघांत सेंटरच्या जागीं खेळल्या. 1934 मध्यें या संघानें बेनेट कॉलेजच्या नामांकित मुलींनाही हरविलें. तरी पोटासाठीं घरकाम सुटलें नाहीं.

1976 मध्यें कृष्णवर्णीय खेळाडूंच्या सन्मान-मंडळांत त्यांची निवड झाली. समारंभास त्या आल्या नाहींत, तेव्हां संयोजकांस कळलें कीं, त्या 1971 मध्येंच निवर्तल्या होत्या! नेस्मिथ बास्केटबॉल सन्मान-मंडळानें तर 2018 मध्यें त्यांची आठवण केली.

आपल्या घरीं राबणाऱ्या बाईच्या अंगीं कोणता गुण आहे, हें आपण कधीं विचारतों काय?