घोड्यांचा डॉक्टर आणि आपल्या बाईकचे टायर

आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये बाईकवरून ज्या काही चर्चा झडतात, त्यातल्या निम्म्या मायलेजवर असतात आणि उरलेल्या टायरवर. मागे रुंद टायर टाकावा का, घाटासाठी सॉफ्ट कंपाउंड घ्यावं का, ट्रॅक डेला जाऊन आलेल्या कुणाचे सेकंडहँड टायर स्वस्तात मिळतायत ते उचलावेत का, वगैरे वगैरे. या चर्चेत एक नाव हमखास येतं, ते म्हणजे डनलप. आपल्याला ते कंपनीचं नाव म्हणून माहीत. पण डनलप हा चांगला हाडामांसाचा माणूस होता, आणि गंमत म्हणजे तो इंजिनिअर नव्हता. तो घोड्यांचा डॉक्टर होता! त्याची गोष्ट मेकॅनिकलवाल्यांनी तर वाचावीच, पण कॉम्प्युटरवाल्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण ते पण बाईक चालवतातच.

जॉन बॉइड डनलपचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० चा, स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न गावचा. घर शेतकऱ्याचं. एडिनबरोला जाऊन तो गुरांचा डॉक्टर झाला आणि १८६७ साली आयर्लंडला गेला. आधी भावाबरोबर डाउनपॅट्रिक या गावी दवाखाना, मग बेलफास्ट. त्या काळी घोडा म्हणजेच ट्रक, टेम्पो आणि बस. त्यामुळे घोड्यांच्या डॉक्टरला कामाची ददात नव्हती. बेलफास्टमध्ये त्याचा जम एवढा बसला की आयर्लंडमधल्या मोठ्या दवाखान्यांत त्याची गणना व्हायला लागली. वयाची सत्तेचाळीस वर्षं या माणसाने अशी घालवली की त्याच्यावर कुणी दोन ओळीसुद्धा लिहिल्या नसत्या.

१८८७ साली त्याचा मुलगा जॉनी नऊ-दहा वर्षांचा होता. त्याच्याकडे एक तीनचाकी सायकल होती. चाकांना भरीव रबराच्या पट्ट्या आणि बेलफास्टचे रस्ते दगडी फरसबंदीचे, मधून ट्रामचे रूळ. पोराची हाडं खिळखिळी व्हायची. बापाने विचार केला, रबराच्या आत हवा भरली तर?

डनलपला त्याच्या धंद्यात रबर हाताळायची थोडी सवय होती. त्याने लाकडाची एक गोल चकती घेतली, पातळ रबराच्या पत्र्याची नळी केली, ती चकतीभोवती बसवली, वरून कापड गुंडाळून खिळ्यांनी ठोकली आणि फुटबॉलच्या पंपाने हवा भरली. मग त्याने जे केलं ते मला सगळ्यात आवडतं. सायकलचं भरीव रबराचं एक चाक काढलं आणि दोन्ही चाकं अंगणात घरंगळत सोडली. भरीव रबराचं चाक मधेच थांबून आडवं पडलं. हवेची चकती पार दुसऱ्या टोकाला गेली, गेटच्या खांबावर आदळली आणि वर उलटी परत आली. ना फॉर्म्युला, ना ग्राफ. आपल्या लॅबच्या जर्नलमध्ये एवढा साफ रिझल्ट मी तरी अजून पाहिलेला नाही.

असं का झालं? कडक चाकासमोर खडा आला की अख्ख्या चाकाला त्याच्यावर चढून उतरावं लागतं. दर खड्याला गाडी वर उचलली जाते आणि त्यात एनर्जी वाया जाते. हवेचा टायर तो खडा चक्क गिळतो. तेवढीच जागा दबते आणि पुन्हा फुगते, बाकी चाक सरळ पुढे जातं. म्हणजे पोराला आराम मिळावा म्हणून केलेली वस्तू वेगालाही कामाची निघाली. डनलपच्या डोक्यात आधी वेग नव्हता, हे लक्षात ठेवा.

७ डिसेंबर १८८८ ला त्याला पेटंट मिळालं. बेलफास्टच्या एडलिन नावाच्या सायकलवाल्याने असे टायर लावून सायकली बनवायला घेतल्या. लोक हसले. ते जाडजूड टायर दिसायलाच बेढब होते. पण विली ह्यूम नावाच्या एका सायकलपटूने ते घेतले आणि १८ मे १८८९ ला बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या शर्यतीत उतरला. बक्षिसं नेहमी नेणारा खेळाडू नव्हता तो. तरी ज्या चार शर्यतींत उतरला त्या चारही जिंकला. हसणारे गप्प झाले. हरलेल्यांत डब्लिनचे ड्यू क्रॉस बंधू होते आणि त्यांचे वडील हार्वी ड्यू क्रॉस हे व्यापारी डोक्याचे गृहस्थ. पोरं का हरली ते त्यांनी नीट पाहिलं आणि त्याच वर्षी डब्लिनमध्ये डनलपला बरोबर घेऊन टायरची कंपनी काढली.

इथे जरा थांबते, कारण आपल्या पार्किंगमधल्या वादाचं मूळ इथेच आहे. ह्यूमच्या वेळी रस्त्याचा टायर आणि शर्यतीचा टायर असा फरकच नव्हता. पुढे गाड्यांना इंजिन आलं. १८८५ सालच्या डाइमलरच्या मोटरसायकलला बैलगाडीसारखी लाकडी चाकं आणि वर लोखंडी धाव होती. १८९४ मध्ये म्युनिकला हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांनी मोटरसायकली विकायला काढल्या, त्यांना हवेचे टायर होते. वेग वाढला तसं टायरकडून दोन वेगळ्या गोष्टी मागितल्या जाऊ लागल्या, आणि त्या दोन्ही एकाच रबरात पूर्णपणे मिळत नाहीत.

ट्रॅकच्या टायरचं रबर मऊ असतं. ते तापलं की रस्त्याच्या बारीक खडबडीत घुसून धरून ठेवतं. रेसमध्ये सुरुवातीलाच टायर गरम हवेत म्हणून त्यांना इलेक्ट्रिक ब्लँकेट गुंडाळून साधारण ८० अंशांपर्यंत तापवतात. स्लिक टायरला तर नक्षीच नसते, कारण कोरड्या ट्रॅकवर जितकं रबर टेकेल तितकं बरं. आता हाच टायर घेऊन सकाळी सातला दूध आणायला गेलात तर? सिग्नल, स्पीडब्रेकर, चाळीसचा स्पीड. टायर तापतच नाही आणि थंड टायरला ती ग्रिप नाही. पाऊस आला तर पाणी बाहेर काढायला नक्षी नाही. शिवाय मऊ रबर झिजतंही भराभर, आणि तापणं-गार होणं वारंवार झालं की कडक होत जातं. तेव्हा ट्रॅकवरून उतरवलेला स्वस्त टायर वरून छान दिसला तरी आतून संपलेला असू शकतो.

उलटंही खरं आहे. रस्त्याचा टायर थंडीत, ओल्यात, हजारो किलोमीटर चालावा असा बनवलेला असतो. तो ट्रॅकवर लॅपमागून लॅप पिळला की जास्त तापतो आणि ग्रिप सुटायला लागते. ज्याला रोज कॉलेजला यायचंय आणि वर्षातून एकदा श्रीपेरुंबुदूरजवळच्या ट्रॅकवर जायचंय, त्याने चांगला स्पोर्ट रोड टायर घ्यावा, म्हणजे मधोमध कडक रबर आणि कडेला मऊ. मध्यभाग हायवेवर झिजत नाही आणि कडा वळणावर धरते. आणि रुंद टायरचं म्हणाल तर, अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की तो चिमटून त्याची गोलाई बदलते आणि बाईक वळायला जड होते. दिसायला भारी, बाकी तोटाच. (माझं हे मत पार्किंगमध्ये फारसं कुणाला आवडत नाही!) टायर घेताना बाजूवरचे शेवटचे चार आकडे नक्की बघा, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. साइझच्या पुढे अक्षर असतं ते वेगाचं, पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंत.

असो. डनलपकडे परत येऊ, कारण त्याची खरी परीक्षा पुढेच आहे. १८९० मध्ये त्याला कळवण्यात आलं की त्याचं पेटंट टिकणार नाही. रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसाने, वयाच्या तेविसाव्या वर्षी, १८४५ सालीच हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं होतं! घोडागाडीला लावून लंडनमध्ये ती चाकं चालवूनही दाखवली होती. पण तेव्हा सायकल नव्हती, रबर महाग होतं, आणि सगळे ती गोष्ट विसरले. थॉमसन १८७३ मध्येच वारला होता. डनलपने त्याची कल्पना चोरली असं कुणीही म्हटलेलं नाही. त्याला ती माहीतच नव्हती. पण कायद्याला त्याचं काय?

कंपनी वाचली ती दुसऱ्यांच्या पेटंटवर. डनलपचा टायर रिमला चिकटवलेला असे, पंक्चर काढायचं म्हणजे दिवस गेला. चार्ल्स वेल्चने टायरच्या कडेत तार घालून तो रिममध्ये अडकवायची युक्ती १८९० मध्ये काढली, आणि बार्टलेटची कडेने पकडणारी पद्धत होती. ती दोन्ही पेटंट ड्यू क्रॉसने विकत घेतली. आजही कोपऱ्यावरचा पंक्चरवाला पट्टी घालून टायर उचकटतो तेव्हा आत दिसणारी ती तार वेल्चची. म्हणजे नाव डनलपचं, कल्पना आधी थॉमसनची, तार वेल्चची आणि धंदा ड्यू क्रॉसचा.

कंपनीत डनलपचं मन रमलं नाही. १८९५ मध्ये तो संचालकपदावरून बाहेर पडला आणि त्याने शेअर्स विकले. पुढच्याच वर्षी ड्यू क्रॉसने ती कंपनी ३० लाख पौंडांना विकली, आणि घेणाऱ्याने ती ५० लाखांना पुन्हा बाजारात आणली. एक वर्ष! मला तर हा हिशोब वाचून झोप आली नाही. डनलप मात्र डब्लिनमध्ये एका कापडाच्या व्यवसायात लक्ष घालून शांतपणे राहिला.

एका बाबतीत मात्र तो शांत राहिला नाही. कंपनीच्या जाहिरातीत त्याचा दाढीवाला चेहरा वापरला जायचा. पुढे त्या चेहऱ्याखाली एका नटव्या, छानछोकी माणसाचं शरीर जोडलं गेलं, उंच हॅट, पांढरं जाकीट, हातात काठी. साधा राहणारा म्हातारा भडकला. पेटंट गेलं, पैसे गेले, नाव तर केव्हाच कंपनीचं झालं होतं, आता निदान चेहरा तरी आपला राहू दे, असंच त्याला वाटलं असणार. तो कोर्टात गेला. कंपनी इंग्लंडची, हा डब्लिनचा, तेव्हा खटला आयर्लंडमध्ये चालवता येईल का, एवढ्या एका मुद्द्यावर प्रकरण लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोचलं. तेव्हा त्याने ऐंशी गाठली होती.

२३ ऑक्टोबर १९२१ ला डब्लिनमध्ये तो वारला. पंधरा वर्षांनी, १९३६ मध्ये, त्याच्या नावाचा कारखाना आपल्याकडे बंगालमध्ये हुगळीकाठी साहागंजला सुरू झाला. त्याने बनवलेला पहिला टायर एडिनबरोच्या नॅशनल म्युझियममध्ये ठेवलेला आहे, ज्या शहरात तो घोड्यांची डॉक्टरी शिकला त्याच शहरात.