घटक 3 : संत एकनाथ – ग्रंथकर्ता आणि संपादक

3.1 प्रास्ताविक

छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीपासून जवळच पैठण दरवाजा आहे. ज्या गावाचे नाव त्याला मिळाले, ते पैठण तेथून सुमारे 50 किलोमीटरवर आहे. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी येथे हे शहर वसवले, तेव्हा एकनाथांना जाऊन दहा-अकरा वर्षे झाली होती. भक्तकवी आणि भारुडकार म्हणून एकनाथ आपल्या परिचयाचे आहेत. ज्ञान सर्वांना खुले करणे आणि कोणते लेखन कोणाचे हे स्पष्ट ठेवणे, या दोन दृष्टींनी त्यांचे चरित्र प्रस्तुत घटकात पाहावयाचे आहे.

3.2 जीवनपट

एकनाथांचा जन्म इ. स. 1533 च्या सुमारास पैठण येथे झाला. संत भानुदास हे त्यांचे पणजोबा. आईवडिलांचे छत्र लवकर हरपल्याने आजोबा चक्रपाणी यांनी त्यांचा सांभाळ केला. पुढे देवगिरी किल्ल्यावर जनार्दनस्वामींजवळ त्यांचे अध्ययन झाले. हिशेबातील एका पैची चूक शोधण्यासाठी त्यांनी रात्र जागून काढल्याची कथा परंपरेने जपली आहे. कथेची ऐतिहासिकता बाजूला ठेवली, तरी पुढील ग्रंथकार्यात दिसणारी काटेकोर वृत्ती तिच्यातून नेमकी व्यक्त होते. अभंगांतील ‘एका जनार्दनी’ या नाममुद्रेत त्यांनी स्वतःच्या नावाशी गुरूंचे नाव कायमचे जोडले. फाल्गुन वद्य षष्ठीस, इ. स. 1599 मध्ये त्यांनी पैठण येथे देह ठेवला. हीच तिथी आज नाथषष्ठी म्हणून पाळली जाते.

3.3 खुले ज्ञान, खुली परीक्षा

भागवताच्या अकराव्या स्कंधावरील मराठी टीकेचे लेखन एकनाथांनी पैठणला आरंभिले. संस्कृतातील शास्त्रार्थ प्राकृतात आणल्याबद्दल वाराणसीच्या पंडितांनी आक्षेप घेतला आणि त्यांना तेथे पाचारण केले, असे परंपरा सांगते. ग्रंथ लपवून न ठेवता एकनाथांनी तो त्या विद्वानांपुढे ठेवला, आणि शके 1495 मध्ये, म्हणजे इ. स. 1573 मध्ये, वाराणसीतच तो पूर्ण केला. जे सर्वांसाठी लिहिले, ते जाणकारांच्या कसोटीलाही उतरले पाहिजे, ही भूमिका येथे दिसते.

3.4 ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत

ज्ञानेश्वरी 1290 मध्ये सिद्ध झाली. पुढील सुमारे तीनशे वर्षांत हाताने नकला होता होता तिच्यात पाठभेद शिरले. काही ठिकाणी नकलकाराची चूक होती, तर काही ठिकाणी दुसऱ्या कोणी रचलेल्या ओव्या मूळ ग्रंथात मिसळल्या होत्या. शके 1506 मध्ये, म्हणजे इ. स. 1584 मध्ये, एकनाथांनी तिची शुद्ध प्रत तयार केली. स्वतः समर्थ कवी असूनही त्यांनी आपले काव्य ज्ञानदेवांच्या नावावर घातले नाही. ग्रंथात यापुढे कोणी स्वतःची ओवी घालू नये, अशी ताकीदही त्यांनी अखेरीस दिली. ग्रंथ ज्ञानदेवांचा, लेखनिक सच्चिदानंदबाबा आणि शुद्धीकरण एकनाथांचे, अशी प्रत्येकाच्या श्रमाची नोंद त्यामुळे राहिली.

तथापि अभ्यासकाने या कार्याची मर्यादाही ओळखावी. कोणते पाठ का वगळले, याची यादी एकनाथांनी ठेवली नाही. 1909 मध्ये वि. का. राजवाडे यांनी बीडजवळील पाटांगण येथे मिळालेल्या पोथीवरून ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली आणि ती पोथी एकनाथपूर्व असल्याचे मत मांडले. ती मूळ पोथी आज उपलब्ध नाही. परिणामी दोन्ही संहितांच्या बाबतीत संपादकाचा निर्णय आपल्या हाती आहे, तो पडताळण्याचे साधन मात्र नाही. सचोटी कितीही मोठी असली, तरी ती पुराव्याची जागा घेऊ शकत नाही.

3.5 अपुरा ग्रंथ, दुसरा हात

‘भावार्थ रामायण’ हा एकनाथांचा अखेरचा ग्रंथ. युद्धकांडाच्या 44 व्या अध्यायापर्यंत त्यांनी तो रचला, आणि उर्वरित भाग शिष्य गावबा याने पूर्ण केला, असे मानले जाते. गुरूच्या कीर्तीत शिष्याचे नाव बुडून जाणे सहज शक्य होते. परंपरेने तसे होऊ दिले नाही.

3.6 समारोप

विद्यापीठांचे अनेक प्रबंध आज ‘शोधगंगा’वर कोणालाही विनामूल्य वाचता येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्ये वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी विनियमही केले आहेत. परंतु नियमांच्या आधी वृत्ती लागते. प्रकल्प लिहिताना शब्द कोणाचे, सामग्री कोणी गोळा केली, संपादन कोणी केले आणि कोणत्या प्रतीवरून, हे आपण नोंदवावे. ज्याने काम केले नाही, त्याचे नाव केवळ आदरापोटी लेखक म्हणून घालू नये. ज्याने केले, त्याचे वगळू नये. एकनाथांनी जे केले ते आपण अनुसरावे, आणि जी नोंद त्यांच्याकडून राहिली ती आपण अवश्य ठेवावी.

स्वयं-अध्ययन प्रश्न

1. ज्ञानेश्वरीच्या शुद्धीकरणात एकनाथांनी पाळलेली मर्यादा स्पष्ट करा.
2. मूळ पोथी उपलब्ध नसल्यास संहितेच्या अभ्यासात कोणती अडचण येते, ते सोदाहरण लिहा.
3. आपल्या प्रकल्पात ज्यांचे साहाय्य झाले त्यांची यादी करा आणि प्रत्येकाचा उल्लेख लेखक, संपादक की साहाय्यक म्हणून करावा, हे सकारण ठरवा.