हिमात परत फिरलेले फादर आंद्रादे

येत्या १९ मार्चला संत योसेफाचा सण आहे. १६३४ साली याच दिवशी गोव्यात फादर अंतोनियो द आंद्रादे हे येशूसंघीय धर्मगुरू विषबाधेने वारले. हिमालय ओलांडून तिबेटात पोहोचलेले पहिले युरोपियन म्हणून त्यांचे नाव इतिहासात आहे. त्यांचा जन्म १५८० साली पोर्तुगालमध्ये झाला. १६०० साली ते गोव्यात आले आणि पुढचे बहुतेक आयुष्य त्यांनी भारतात घालवले.

आषाढात मिरज–पंढरपूर रस्त्याने जाणाऱ्या दिंड्या आपण दरवर्षी पाहतो. फादर आंद्रादेही असेच यात्रेकरूंबरोबर निघाले. डोंगरापलीकडे ख्रिस्ती लोक राहतात अशी बातमी मोगलांच्या आग्र्यात ऐकू येत असे. ती खरी की खोटी हे पाहायला ३० मार्च १६२४ रोजी त्यांनी आग्रा सोडले. बरोबर ब्रदर मनुएल मार्किश आणि दोन ख्रिस्ती नोकर. दिल्लीला बद्रीनाथचे यात्रेकरू भेटले, तेव्हा त्यांच्यासारखाच वेश करून हे चौघे त्या गर्दीत मिसळले.

गढवालात वाट अलकनंदेच्या काठाने जाते. कडे असे की काही ठिकाणी एकापुढे एकच पाऊल मावायचे आणि हातांनी खडक धरावा लागायचा. खाली नदीचा घोष. कुठे दोराच्या पुलावरून, तर वर गेल्यावर नदीवर साचलेल्या बर्फावरूनच पाण्यापलीकडे जायचे. आपल्या अग्रणीत वर्षातले कितीतरी महिने पाऊलही भिजत नाही. आपल्याला त्या बर्फाखालच्या पाण्याची भीती नुसत्या कल्पनेनेच करावी लागेल.

बद्रीनाथच्या पुढे माणा हे शेवटचे गाव. खिंड अजून उघडली नव्हती. श्रीनगरच्या राजाची माणसे आपल्याला अडवतील हे दिसताच फादरांनी ब्रदरना माणात ठेवले आणि दोन नोकर व एक वाटाड्या घेऊन ते पुढे निघाले. मागून माणसे आली, त्यांनी वाटाड्याला दमदाटी करून परत नेले. तरी हे तिघे थांबले नाहीत. इथे फादरांनी घाई केली असे आम्हांला वाटते. त्यांचा जीव त्यांचा होता, पण त्या दोन नोकरांचे काय?

बर्फ कुठे गुडघ्यापर्यंत, कुठे छातीपर्यंत. रात्री एक घोंगडी खाली, बाकीच्या अंगावर. आणि पडणाऱ्या बर्फात गाडले जाऊ नये म्हणून वारंवार उठून ती झटकायची. खायला भाजलेल्या सातूचे पीठ. फादरांच्या बोटाचा तुकडा पडला तो त्यांना कळलाही नाही, रक्त दिसले तेव्हा समजले. उंचावर लोक मरतात ते जमिनीतून निघणाऱ्या विषारी वाफेने, असे तिथले लोक सांगत. फादरांना ते पटले नाही. थंडी आणि उपासमार हेच कारण असावे, असे त्यांचे मत पडले. विरळ हवेचा दोष त्यांच्या ध्यानात आला नव्हता.

माणा खिंड सुमारे ५,६०० मीटर उंच आहे. तिथे पोहोचले तेव्हा पुढे सगळे पांढरेच पांढरे. वाट कुठली, दरी कुठली, काही कळेना. डोळे बर्फाने इतके दिपले होते की नंतर पंचवीस दिवस त्यांना प्रार्थनापुस्तकातले एक अक्षरही वाचता आले नाही. सोबत्यांचे त्राण संपले होते. तेव्हा फादर परत फिरले. एवढा पल्ला मारून माघार घेणे त्यांना किती जड गेले असेल! पण तिघेही जिवंत राहिले ते त्यामुळेच.

खाली उतरल्यावर ब्रदर पुन्हा भेटले. सुमारे महिनाभर बर्फ वितळण्याची वाट पाहिली, मग खिंड ओलांडली आणि ऑगस्ट १६२४ मध्ये ते गुगे राज्याच्या त्सापरांग या राजधानीत पोहोचले. ख्रिस्ती लोक काही सापडले नाहीत. तिथे बौद्ध लोक होते. राजाने मात्र मोठ्या प्रेमाने स्वागत केले. पुढच्याच वर्षी फादर पुन्हा तिथे गेले आणि १२ एप्रिल १६२६ रोजी, ईस्टरच्या दिवशी, त्सापरांगला चर्चचा पाया घातला गेला.

१६३० साली फादर गोव्यात प्रांताधिकारी असताना लडाखच्या सैन्याने तो राजा पदच्युत केला आणि मिशनचा आधार गेला. ब्रदर मार्किश १६४० साली पुन्हा त्याच खिंडीकडे गेले आणि पकडले गेले. १६४१ साली त्यांचे एक पत्र आग्र्याला पोहोचले. त्यानंतर त्यांची काहीच बातमी आली नाही.