हळदोण्याचा ट्रंपेटवाला

वरातीत बँडवाल्याने 'शोला जो भडके' सुरू केले की आमच्या वेवजीतली म्हातारी माणसेही भगवानदादांसारखे खांदे हलवू लागतात. हे गाणे १९५१ च्या 'अलबेला'तले. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, हेही पुष्कळांना ठाऊक असते. पण त्या संगीतावर ज्याच्या ट्रंपेटची छाप आहे त्या चिक चॉकलेटचे नाव मी कॉलेजात येईपर्यंत ऐकले नव्हते.

त्याचे खरे नाव अँतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६ चा, गोव्यातल्या बार्देश तालुक्यात हळदोणे गावी. तेव्हा तिथे पोर्तुगीजांचे राज्य होते. चर्चच्या शाळांतून मुलांना गायन, वादन आणि स्वरलिपी शिकवीत. हेतू एवढाच की प्रार्थनेला गाणारे-वाजवणारे मिळावेत. पण गावात पोट भरेना आणि हातात तर ही विद्या! मग पोरे मुंबई, कलकत्ता, रंगून अशी पांगली. चिकने मेकॅनिक व्हावे असे त्याच्या आईला वाटे. मला त्या माउलीचे काही चुकले असे वाटत नाही. ज्या घराला पगाराची सवय नाही, तिथली आई असेच म्हणणार.

चिकने ट्रंपेट धरला. अमेरिकेचा लुई आर्मस्ट्राँग हे त्याचे दैवत. तसेच हसणे, हातात तसाच रुमाल. लोक त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणू लागले. मला मात्र ही पदवी थोडी अन्यायाची वाटते. जॅझमध्ये सर्वांच्या ओळखीची गाणी असतात, त्यांना स्टँडर्ड म्हणतात. वादक आधी मूळ चाल दाखवतो आणि मग त्याच स्वरसंगतीवर स्वतःचे काही नवे रचतो. एकच बंदिश दोन गवयांनी गायली तर ती एक राहते का? मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात चिकचा वाद्यवृंद हेच करी. चाल परकी, पण फुंकर त्याची.

ही विद्या सिनेमाने उचलली. आपल्या बहुतेक संगीतकारांना पाश्चात्त्य स्वरलिपी येत नसे. ते चाल गुणगुणत. गोव्याचा साहाय्यक ती कागदावर उतरवी, सॅक्सोफोन कुठे, क्लॅरिनेट कुठे, दोन ओळींमधली जागा कशाने भरायची ते ठरवी आणि प्रत्येक वादकापुढे त्याचा कागद ठेवी. चिकने सी. रामचंद्रांसाठी असे काम केले. १९५० च्या 'समाधी'तले 'गोरे गोरे' तर एका परदेशी गाण्यावरूनच बेतलेले. पण ऐकताना ते परके वाटते का? 'नादान' (१९५१) या चित्रपटाला त्याने स्वतंत्रपणे संगीत दिले. एरवी साहाय्यकाचे नाव बारीक अक्षरांत, नाहीतर नाहीच.

आमच्याकडे तारपा वाजवणारा मधोमध असतो. तो सूर बदलतो तसे नाचणाऱ्यांचे पाय बदलतात, आणि तो कोणाचा कोण हे सगळ्या पाड्याला माहीत असते. स्टुडिओत उलटा प्रकार. नाचणारे पडद्यावर, वाजवणारा कुठे तरी मागे. शेकडो गोवेकर वादकांची हयात तशीच गेली.

१९६७ साली मुंबईत चिकचे निधन झाले. त्याचे नशीब इतके तरी बरे, की 'अलबेला'त तो आपल्या साथीदारांसह पडद्यावर दिसतो. झालरीचे सदरे घातलेली ती मंडळी पाहा. ट्रंपेट ज्याच्या ओठांना आहे, तो चिक.