औंधचे राजे, नमस्कार आणि शरीराचा तोल

सातारा जिल्ह्यातील औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. चित्रे काढणारा, कीर्तन करणारा हा राजा सर्वाधिक ओळखला जातो तो सूर्यनमस्कारांचा प्रसारक म्हणून.

तरुणपणी ते प्रसिद्ध शरीरसौष्ठवपटू युजेन सँडो यांच्या पद्धतीने व्यायाम करत. १९०८च्या सुमारास मिरजेच्या अधिपतींचे उदाहरण पाहून ते नमस्कारांकडे वळले. १९०९ मध्ये गादीवर आल्यानंतर त्यांनी पुढे संस्थानातील शाळांत हा व्यायाम सक्तीचा केला. संस्थानचा मुलूख विखुरलेला होता. आज सांगली जिल्ह्यात असलेली आटपाडी आणि कुंडल ही गावेही त्यात होती. त्यामुळे तिथल्या मुलांपर्यंतही नमस्कार पोहोचले.

या व्यायामाला कसलेही साधन लागत नाही. हात टेकवून दोन्ही पाय मागे नेले की पोट, पाठ आणि कमरेचे खोलवरचे स्नायू धड सावरून धरतात. फिजिओथेरपिस्ट यालाच ‘कोअर’ म्हणतात. तोल राखताना मेंदू डोळे, अंतर्कर्ण आणि स्नायू-सांधे यांच्याकडून येणाऱ्या संदेशांचा मेळ घालतो. धडच डळमळीत असेल, तर हातापायांच्या हालचालीही अडखळतात.

१९४३ मध्ये, भवानराव पंचाहत्तरीला आले असताना, अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी ११ मुलांच्या निरीक्षणांतून स्वमग्नतेचे वर्णन केले. त्यांतील काहींच्या चालण्यात अवघडलेपण होते, अशीही त्यांची नोंद आहे. स्वमग्न असलेल्या अनेक मुलांना तोल सांभाळणे जड जाते, हे नंतरच्या संशोधनातही दिसले.

व्यायामाने स्वमग्नता जात नाही. मात्र नियमित सरावाने अशा मुलाला एका पायावर उभे राहणे किंवा जिना चढणे सोपे होऊ शकते. त्यासाठी एका वेळी एकच स्थिती चित्रातून किंवा करून दाखवावी. डोके खाली नेण्याची भीती वाटत असेल, तर ती स्थिती वगळावी. फिजिओथेरपिस्टचा सल्लाही घ्यावा.

भवानरावांचे निधन १३ एप्रिल १९५१ रोजी झाले. रोज थोडा व्यायाम करण्याचा त्यांचा आग्रह या मुलांच्या आजही उपयोगी पडतो. पण साऱ्या वर्गाला एकच संख्या आणि एकच गती लावणारी सक्ती त्यांना मानवणारी नाही.