जडसन साहेबांचे रानातील दिवस

सन १८१२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील सेलेम गावी पाच तरुणांस परदेशी सेवेसाठी दीक्षा देण्यात आली. त्यांतील गॉर्डन हॉल साहेब पुढे मुंबईस येऊन मराठी लोकांत राहिले, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. दुसरे आदोनिराम जडसन साहेब. ते १८१३ त ब्रह्मदेशी रंगून येथे पोहोंचले. पहिला ब्रह्मी मनुष्य बाप्तिस्म्यास पुढे येईपर्यंत सहा वर्षे लोटली.

१८२४ साली इंग्रज व ब्रह्मी यांचे युद्ध पेटले, तेव्हा हेर समजून त्यांस आवा येथे तुरुंगात घातले. रात्री बेड्यांत बांबू अडकवून पाय इतके वर ओढीत की डोके व खांदे मात्र जमिनीस टेकत. त्यांच्या पत्नी अ‍ॅनबाई यांनी नव्या कराराचे भाषांतर उशीत लपवून राखले.

एवढी कथा उपदेशक आवडीने सांगतात. पुढची आम्हीही पुष्कळ वर्षे गाळीत असू; मिशनरी खचला, हे मंडळीपुढे बोलण्याचा संकोच वाटे.

सुटकेनंतर साहेब तहाच्या कामासाठी आवास गेले असता २४ ऑक्टोबर १८२६ रोजी अ‍ॅनबाई आम्हर्स्ट येथे तापाने वारल्या. शेवटची भेट झाली नाही. सहा महिन्यांनी दोन वर्षांची मारियाही गेली. मग स्वदेशाहून वडील वारल्याचे वर्तमान आले.

तुरुंगात न मोडलेले मन आता मोडले. साहेबांनी विद्यापीठाची पदवी टाकली, स्तुतीची पत्रे नष्ट केली, मोलमीनजवळ रानात झोपडी बांधून एकांत धरला. तेथे कबर खणून तिच्या काठी ते बसत. देव आहे याविषयी त्यांस शंका नव्हती. पण त्याचे सान्निध्य जाणवेना. लोक यास वैराग्य म्हणोत. आम्ही यास दुखणे म्हणतो. घरचे पत्र यावयास कित्येक महिने लागत, अशा मुलखात तुरुंगाचे हाल सोसून लागलीच बायको व लेकरू पुरलेल्या माणसास आणखी काय व्हावे? रतामाच्या झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीयास देवाने आधी झोप व भाकर दिली, कामाचे मागाहून सांगितले.

साहेब बरे झाले ते हळूहळू. वेड साहेब, त्यांच्या बाई व ब्रह्मी बंधुजन यांनी काम पडू दिले नाही. १८२९ त धाकटा भाऊ एल्नाथन वारला, परंतु विश्वासात वारला, हे कळून त्यांस धीर आला. १८३० त ब्रह्मी शिष्यांसह ते प्रोमकडे गेले. पुढे करेन लोकांच्या खेड्यांतून, सोबती घेऊन, फिरू लागले.

३१ जानेवारी १८३४ रोजी ब्रह्मी पवित्र शास्त्राचे भाषांतर पुरे झाले. त्याच वर्षी त्यांनी सहकाऱ्याच्या विधवा सारा बोर्डमन यांच्याशी विवाह केला. १२ एप्रिल १८५० रोजी साहेब जहाजावर वारले व त्यांचा देह समुद्रात सोडण्यात आला. त्यांचे भाषांतर ब्रह्मदेशातील मंडळ्यांत आजही वाचतात.