व्यक्तीच्या बाजूने उभा राहिलेला क्रांतिकारक

राजकीय पक्ष फुटतात, विलीन होतात, नावे बदलतात. परंतु आपलेच तत्त्वज्ञान आपल्याच संघटनेला लागू करून पक्ष विसर्जित केल्याचे उदाहरण भारतीय राजकारणात विरळाच. डिसेंबर १९४८ मध्ये कोलकात्यात रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षाने हे केले. त्या निर्णयामागे मानवेंद्रनाथ रॉय होते. त्यांच्या व्यक्तिवादावर तीन बाजूंनी टीका झाली. कम्युनिस्टांना त्यात भांडवलदारी विचाराकडे माघार दिसली, राष्ट्रवाद्यांना परकी आयात वाटली, तर व्यवहारी राजकारण्यांनी त्याची संभावना पराभूताचे वैराग्य अशी केली. या तिन्ही आक्षेपांचे उत्तर रॉय यांच्या चरित्रातच सापडते.

२१ मार्च १८८७ रोजी बंगालमध्ये जन्मलेले नरेंद्रनाथ भट्टाचार्य तरुणपणीच सशस्त्र क्रांतिकारकांत सामील झाले. जर्मन शस्त्रांच्या शोधात १९१५ मध्ये त्यांनी देश सोडला आणि अमेरिकेत मानवेंद्रनाथ रॉय हे नाव धारण केले. मेक्सिकोत कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. १९२० मध्ये मॉस्कोत वसाहतींच्या प्रश्नावर त्यांनी लेनिनच्या मांडणीशी मतभेद नोंदविले, आणि लेनिनच्या प्रबंधाला जोडून त्यांचा पूरक प्रबंधही स्वीकारला गेला. १९२९ मध्ये याच आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यांना बाहेर काढले. राष्ट्र आणि वर्ग या दोन्ही समूहांसाठी सर्वस्व पणाला लावलेला हा माणूस होता. समूहनिष्ठेची ताकद आणि तिची किंमत त्याने पुस्तकात वाचली नव्हती, अनुभवली होती.

डिसेंबर १९३० मध्ये ते गुप्तपणे भारतात परतले आणि जुलै १९३१ मध्ये मुंबईत पकडले गेले. बारा वर्षांची शिक्षा अपिलात सहा वर्षांवर आली. तुरुंगात त्यांनी आधुनिक विज्ञानाचे तात्त्विक परिणाम तपासणारे विस्तृत लेखन केले. नोव्हेंबर १९३६ मध्ये सुटका होताच ते खानदेशातील फैजपूर काँग्रेसला उपस्थित राहिले. वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, न्यायविद वि. म. तारकुंडे यांच्यासारखी माणसे त्यांच्या विचाराकडे ओढली गेली. वेदविद्येत वाढलेल्या शास्त्र्यांना जो विचार आपला वाटला, त्याला निव्वळ परकी आयात म्हणणे अवघड आहे.

दुसऱ्या महायुद्धात मात्र रॉय एकाकी पडले. फॅसिझमचा विजय झाल्यास कोणत्याच देशाचे स्वातंत्र्य टिकणार नाही, या भूमिकेतून त्यांनी ब्रिटिशांच्या युद्धप्रयत्नाला पाठिंबा दिला आणि १९४२ च्या चले जाव आंदोलनाला विरोध केला. फॅसिझमचे त्यांचे निदान खरे होते; पण नेते तुरुंगात आणि जनता रस्त्यावर असताना त्या जनतेच्या भावनेची तीव्रता त्यांना जोखता आली नाही. १९४६ च्या निवडणुकांत त्यांच्या पक्षाचा धुव्वा उडाला.

पराभवामुळे रॉय व्यक्तिवादी झाले, हा समज येथूनच रूढ झाला. कालक्रम वेगळे सांगतो. १९४४ मध्ये, म्हणजे निवडणुकीपूर्वीच, त्यांनी स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेचा मसुदा प्रसिद्ध केला होता. सत्तेचा पाया गावोगावच्या लोकसमित्या असाव्यात आणि प्रतिनिधीला परत बोलावण्याचा अधिकार मतदारांना असावा, अशी त्याची रचना होती. १९४६ अखेर मुंबईच्या अधिवेशनात बावीस सूत्रांच्या रूपाने याच विचाराला तात्त्विक बैठक मिळाली.

त्या सूत्रांचा गाभा साधा आहे. राष्ट्र किंवा वर्ग यांना स्वतःचे सुखदुःख नसते. ते भोगते माणूस. म्हणून समाजाची प्रगती मोजायची ती त्यातील माणसांना प्रत्यक्ष मिळालेल्या स्वातंत्र्याने. यात स्वार्थाला परवाना नाही, कारण रॉय यांच्या मते माणूस मूलतः विवेकी आहे आणि नीतीचा उगम त्या विवेकातच आहे. समाजापासून अलगताही नाही, कारण व्यक्तीचा विकास सहकार्याच्या संबंधांतूनच होतो, असे ते मानत. भांडवलशाहीचे समर्थन तर मुळीच नाही. त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये मांडलेली जनता योजना नफ्याऐवजी लोकांच्या गरजांना प्राधान्य देणारी होती. त्यांचा विरोध समाजाला नव्हता. समाजाच्या नावाने माणसाचा बळी मागणाऱ्या सत्तेला होता.

पक्ष हा अशा सत्तेचा सर्वांत परिचित अवतार, असे त्यांचे निदान होते. त्याची प्रचीती संसदेत येते. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने आलेल्या पक्षांतरबंदी कायद्याने घोडेबाजाराला आळा घालण्याचा प्रयत्न केला. परंतु पक्षादेश मोडून मतदान करणाऱ्या सदस्याचे सदस्यत्वही पणाला लावले. लाखो मतदारांनी निवडून दिलेला माणूस विधेयकावर आपल्या बुद्धीने मत देऊ शकत नसेल, तर तो नेमका कोणाचा प्रतिनिधी, हा प्रश्न रॉय यांच्या विचाराचाच आहे. पक्षाशिवाय स्थिर सरकार कसे चालवायचे, याचे पुरेसे उत्तर त्यांच्याकडे नव्हते, हे मान्य केले पाहिजे. उत्तर अपुरे राहिले म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही.

वैराग्याचा आक्षेप तर त्यांच्या अनुयायांनीच निकालात काढला. तारकुंडे १९७४ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्यासमवेत सिटिझन्स फॉर डेमोक्रसी या संस्थेच्या स्थापनेत होते आणि आणीबाणीच्या काळात, १९७६ मध्ये, नागरी स्वातंत्र्यासाठी उभ्या राहिलेल्या पीयूसीएलच्या उभारणीतही. समूहाचे हित सांगून नागरिकांचे हक्क स्थगित झाले, तेव्हा व्यक्तिवादी म्हणून हिणवलेली माणसे घरात बसली नाहीत.

रॉय यांचे निधन २५ जानेवारी १९५४ रोजी डेहराडून येथे झाले. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. त्या प्रजासत्ताकाच्या घटनेच्या उद्देशिकेत राष्ट्राच्या एकतेबरोबर व्यक्तीच्या प्रतिष्ठेचीही ग्वाही आहे. पहिल्यासाठी दुसरीचा बळी मागितला जाईल तेव्हा कोणत्या बाजूने उभे राहायचे, हे रॉय यांनी सांगून ठेवले आहे.